पाण्याच्या धारेनें पोलादी पत्रा कापणें

पाण्यानें दगड झिजतो हें आपण ओढ्याकांठीं नित्य पाहतों. परंतु पाण्यानें पोलाद कापतां येतें असें कोणी सांगितल्यास ऐकणारा हंसल्यावांचून राहणार नाहीं. आम्हीही प्रथम हंसलोंच. पुढें कुळवाच्या एका पासेपायीं ही गोष्ट आम्हांस नीट समजून घ्यावी लागली, ती वाचकांपुढें ठेवीत आहों.

गतवर्षीं आम्हीं पासेकरितां पाणी दिलेला, झिजेस टिकणारा पोलादी पत्रा चांगली किंमत देऊन आणिला व एका कारखान्यांत त्याच्या तीन बोटें रुंद पट्ट्या गॅसच्या ज्योतीनें कापून घेतल्या. काम स्वस्तांत झालें. पास मात्र पहिल्याच हंगामांत साध्या लोखंडासारखी झिजली. पत्रा विकणाराशीं आम्हीं तंटा केला, तो व्यर्थ होता. उरलेल्या पत्र्याच्या मध्यभागीं कानस फिरविली तों ती घसरूं लागली. त्याच पत्र्याच्या पट्टीवर ती सहज खाऊं लागली. दोष मालाचा नव्हता, कापण्याचा होता.

पोलाद तापवून एकदम थंड केल्यानें जो कठीणपणा येतो, तो पुन्हां तापविल्यास उतरतो. अशा पुष्कळ पत्र्यांस सुमारें २५० अंश सेल्सिअसच्या वरची उष्णता सोसत नाहीं, आणि गॅसची ज्योत तर ३००० अंशांच्या घरांत असते. रुंद पत्र्यांत ही आंच कडेजवळच राहते. अरुंद पट्टीस ती दोन्ही बाजूंनीं लागून सबंध पट्टी मऊ पडते. पाण्याच्या धारेनें कापल्यास पत्रा तापतच नाहीं, व दिलेलें पाणी कडेपर्यंत कायम राहतें. ह्या रीतीचा मुख्य गुण तो हाच.

यंत्राची रचना अशी. तेलाच्या दाबानें एक मोठा दट्ट्या सरकतो व तो एका लहान दट्ट्यास ढकलतो. मोठ्याचें क्षेत्रफळ लहानाच्या वीसपट असेल, तर पाण्यावर दाबही वीसपट पडतो. असा सुमारें ४००० बार दाब उत्पन्न करितात. म्हणजे जवळजवळ ४० किलोमीटर उंच पाण्याच्या स्तंभाचा भार! हें पाणी नीलमण्याच्या किंवा हिऱ्याच्या खड्यास पाडलेल्या, मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाएवढ्या छिद्रांतून आवाजाच्या दुपटीहून अधिक वेगानें सुटतें. तथापि नुसतें पाणी रबर, कागद असले मऊ पदार्थच कापतें. पोलादासाठीं त्या धारेंत गार्नेट नांवाची तांबूस, कठीण वाळू ओढली जाते (ओडिशाच्या गंजाम किनाऱ्यावर ती सांपडते), आणि खरें कापण्याचें काम ही वाळूच करिते. चीर सुमारें एक मिलिमीटर रुंद पडते.

ह्या युक्तीचें मूळ लांकडांत आहे. अमेरिकेंतील वनशास्त्रज्ञ नॉर्मन फ्रान्झ यांनीं १९५० नंतरच्या दशकांत लांकूड कापण्यासाठीं अशा धारेचे प्रयोग केले. वाळू मिसळण्याची रीत मोहमद हशीश यांनीं १९७९ च्या सुमारास सिद्ध केली.

आतां खर्चाचा हिशेब. आमचा जन्म आंकडेमोडींत गेला, म्हणून तो पाहिल्यावांचून आम्हांस चैन पडेना. पन्नास अश्वशक्तीचा पंप मिनिटास चार लिटरही पाणी देत नाहीं. आपल्या विहिरीवरील पांच अश्वशक्तीचा पंप तेवढें पाणी एका क्षणांत बाहेर टाकतो. पाणी थोडें लागतें, वीज मात्र पुष्कळ जाते. मिनिटास ४०० ग्रॅम वाळू धरल्यास तासास २४ किलो होते, आणि ती फुटून बारीक होत असल्यानें बहुधा टाकूनच द्यावी लागते. शिवाय वेग कमी. दहा मिलिमीटर पोलादाची कड चांगली हवी असेल, तर मिनिटास चारसहा इंच कापलें म्हणजे पुष्कळ झालें. लेझरचें यंत्र ह्याच्या अनेकपट वेगानें चालतें.

यास्तव ट्रॉलीचा पत्रा, धान्याची कोठी, पाण्याची टांकी असल्या साध्या लोखंडी कामास ही रीत कोणी सुचविल्यास नाकारावी. तेथें पैसा व्यर्थ जाईल. पातळ पत्र्यास कातरयंत्र किंवा लेझर, जाड साध्या पत्र्यास गॅस किंवा प्लाझ्मा पुरे. पाणी दिलेल्या पत्र्याच्या अरुंद पट्ट्या, फाळाचीं टोकें किंवा घासपट्ट्या करावयाच्या असतील तरच ही धार शोधावी. आम्हीं दुसऱ्या खेपेस तसें केलें. मजुरी गॅसच्या कितीतरी पट पडली, हें लपवीत नाहीं. पण ह्या वेळीं कानस कडेवरही घसरली, आणि दोन हंगाम झाले तरी ती पास चालू आहे.

पट्ट्या कापावयास देतांना बारीक कडेचा आग्रह धरूं नये. मातींत जाणाऱ्या पासेस ओबडधोबड कड चालते, व त्यामुळें यंत्राचा वेळ वांचतो. चीर खालच्या बाजूस किंचित् निमुळती येते, तेव्हां मापांत थोडी सूट ठेवावी. घरीं धार लावतांना चाकावर पट्टी जोरानें दाबूं नये. कडेवर निळी झांक दिसली कीं तेथील पाणी उतरलें असें समजावें. आणि पट्ट्या ओल्याच हातीं येतात. त्या त्याच दिवशीं पुसून तेल लावून ठेवाव्या, नाहींतर सकाळीं गंज चढलेला दिसतो.