उन्हाचा धोका सावलीला विचारा

मे महिन्यात आपल्या छत्रपती संभाजीनगरात पारा 40 अंश सेल्सियसच्या वर चढतो. त्या दिवसांत डोक्याला रुमाल बांध, असे कोणाला सांगावे लागत नाही. डिसेंबरात मात्र ऊन हवेहवेसे वाटते आणि शाळांच्या क्रीडास्पर्धा भर दुपारी मैदानावर रंगतात. उकडत नाही, म्हणजे उन्हापासून अपाय नाही, असा आपला समज असतो. तो कितपत खरा आहे, ते पाहू.

सूर्यप्रकाशात डोळ्यांना दिसणाऱ्या सात रंगांखेरीज इतरही किरण असतात. 1800 साली विल्यम हर्शेल यांनी वर्णपटात तांबड्या रंगाच्या पलीकडे तापमापी ठेवली. तेथे दिसत काहीच नव्हते, तरी पारा चढला. हे अवरक्त किरण. पुढच्याच वर्षी योहान रिटर यांना आढळले, की जांभळ्या रंगाच्या पलीकडे ठेवलेले सिल्व्हर क्लोराइड झपाट्याने काळे पडते. हे अतिनील किरण. जुन्या पुस्तकांत त्यांनाच जंबुपार किरण म्हटले आहे. म्हणजे एकाचा शोध तापमापीने लागला, तर दुसऱ्याचा रासायनिक बदलाने. आपल्या त्वचेचेही तसेच आहे. तिला उष्णता लगेच जाणवते. अतिनील किरण जाणवत नाहीत.

ते करतात तरी काय? 1000 नॅनोमीटर तरंगलांबीच्या अवरक्त प्रकाशकणाची ऊर्जा सुमारे 1.2 इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते; 300 नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशकणाची सुमारे 4.1. एवढ्या ऊर्जेने पेशीतील डीएनएच्या रेणूत बिघाड होऊ शकतो. पेशी बहुतेक बिघाड दुरुस्त करते, पण काही राहून जातात आणि वर्षानुवर्षे साठतात. डाग, अकाली सुरकुत्या आणि कधी त्वचेचा कर्करोग हे त्याचे परिणाम. मोतीबिंदूच्या कारणांपैकीही हे एक आहे.

आपल्या सावळ्या त्वचेतील मेलॅनिन हे रंगद्रव्य पुष्कळसे किरण अडवते. म्हणून गोऱ्या लोकांच्या मानाने आपल्याकडे त्वचेचा कर्करोग बराच कमी आढळतो. पण डोळ्यांना हे कवच नाही. कोड असलेल्या मुलाच्या पांढऱ्या डागांवरही ते नाही. तेथील त्वचा लवकर भाजते. कोड संसर्गजन्य नसते. अशा वर्गमित्राला चिडवण्याऐवजी त्याला सावलीतली जागा द्यावी, हे विज्ञान शिकणाऱ्याला शोभेल.

आता प्रश्न असा, की न जाणवणारे किरण ओळखायचे कसे? वातावरणातील ओझोन अतिनील किरणांचा मोठा भाग शोषून घेतो. सूर्य माथ्यावर असला, की किरणांची वातावरणातील वाट सर्वांत आखूड असते. सूर्य क्षितिजापासून 45 अंशांवर असता ती सुमारे 1.4 पट होते, 20 अंशांवर जवळजवळ 3 पट. वाट जितकी लांब, तितके अतिनील किरण कमी. आणि सूर्याची उंची सांगते ती आपली सावली! सूर्य 45 अंशांवर असताना सावली आपल्या उंचीएवढी असते. ती उंचीपेक्षा आखूड झाली, की सांभाळावे, हा सोपा नियम.

आपले शहर सुमारे 19.9 अंश उत्तर अक्षांशावर आहे. येथे 1 मीटरच्या उभ्या काठीची मध्यान्हीची सावली मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात जवळजवळ नाहीशी होते. 21 मार्चला ती सुमारे 36 सेंटिमीटर असते. आणि 22 डिसेंबरला, म्हणजे सूर्य अगदी दक्षिणेकडे असताना? सुमारे 94 सेंटिमीटर! त्याच दिवशी दिल्लीत ती सुमारे 128 सेंटिमीटर भरते. याचा अर्थ, आपल्याकडे मध्यान्हीची सावली उंचीपेक्षा लांब असेल असा दिवस वर्षात एकही नाही. डिसेंबरचे ऊन मे महिन्यापेक्षा सौम्य खरे, पण निरुपद्रवी नव्हे.

उपाय सोपे आहेत. कापूस वेचणाऱ्या बायका साडीवर पूर्ण बाह्यांचा शर्ट चढवतात आणि डोके बांधून घेतात. हा उत्तम उपाय होय. कापड उजेडासमोर धरून पाहा: जेवढे घट्ट विणीचे, तेवढे चांगले. ओले झालेले पांढरे सुती कापड किरण अधिक आत सोडते.

उघड्या भागाला सनस्क्रीन लावता येते. त्यावरील 30 एसपीएफचा अर्थ असा, की त्वचा लाल करणाऱ्या किरणांपैकी तिसावा भाग, म्हणजे सुमारे 3 टक्के, आत जातो. 50 असेल तर 2 टक्के. मात्र हा अंक दर चौरस सेंटिमीटरला 2 मिलिग्रॅम एवढ्या थरावर मोजलेला असतो. पातळ हात फिरवला तर तेवढे संरक्षण मिळत नाही. दर दोन तासांनी व घाम पुसल्यावर ते पुन्हा लावावे.

सनस्क्रीन सुरक्षित आहे का? त्यातील काही कार्बनी रसायने त्वचेतून रक्तात उतरतात, असे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या शास्त्रज्ञांनी 2019 व 2020 मध्ये दाखवले. त्यावरून ती घातक ठरत नाहीत. त्यांची अधिक तपासणी हवी, एवढेच ठरते. ज्यांना शंका वाटते, त्यांनी झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड असलेले निवडावे.

ऊन आपले शत्रू नव्हे. ड जीवनसत्त्व त्यातूनच मिळते. पण त्यासाठी तासन्‌तास उन्हात राहण्याची गरज नसते.

करून पाहा : शाळेच्या मैदानावर 1 मीटरची काठी उभी रोवा आणि सकाळी 8 पासून दर अर्ध्या तासाला सावली मोजून आलेख काढा. सर्वांत आखूड सावली बाराला नव्हे, तर साडेबाराच्या आसपास पडेल. (का? आपले रेखांश व प्रमाणवेळेचे रेखांश यांतील फरक काढा.) सावली 1 मीटरपेक्षा आखूड असण्याचा काळ आलेखावर रंगवा आणि तो कागद क्रीडाशिक्षकांना दाखवा. धावण्याच्या शर्यती त्या काळाच्या अलीकडे किंवा पलीकडे घेता येतील का, ते त्यांच्याबरोबर बसून ठरवा.