स्वराचा कान घडवता येतो

वैराग काय किंवा बार्शी तालुक्यातलं दुसरं कुठलंही गाव काय, भजनाआधीची पाच-दहा मिनिटं पखवाज स्वरात लावण्यात जातात. पेटीवाला एक पट्टी दाबून धरतो. पखवाजवाला हातोडीनं गट्टे ठोकतो, शाईवर थाप मारतो, ऐकतो, पुन्हा ठोकतो. शेजारी बसलेल्या नवख्या पोराला मात्र आधीचा आणि नंतरचा आवाज सारखाच वाटतो. मग कुणीतरी म्हणतं, ‘याला स्वराचा कान नाही,’ आणि पोराच्या हातात कायमचे टाळ येतात.

हा शेरा बहुतेक वेळा घाईचा असतो.

स्वराची उंची म्हणजे सेकंदाला होणारी कंपनं. पेटीवरच्या लगतच्या दोन पट्ट्यांत सुमारे सहा टक्क्यांचं अंतर असतं. एक २६२ कंपनांची असेल, तर पुढची साधारण २७७ ची. तयार कानाला याहून कितीतरी बारीक फरक कळतो. हजार कंपनांच्या आसपास दोन-तीन कंपनांचा फरकही त्याला पुरतो.

हे उपजत असतं की सरावानं येतं? क्रिस्तोफ मिशेल, अँड्र्यू ऑक्झनहॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये याची मोजणी प्रसिद्ध केली. पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताचे ३० वादक-गायक आणि संगीत न शिकलेली ३० माणसं त्यांनी घेतली. दोन स्वर ऐकवायचे, वरचा कुठला ते विचारायचं, आणि उत्तरं बरोबर येतील तसं अंतर कमी करत न्यायचं. न शिकलेल्यांना फरक कळण्यासाठी संगीतकारांच्या सहापटीहून जास्त अंतर लागलं. दोन तासांच्या सरावानंतरही ते चौपट होतं. मग त्यांनी न शिकलेली आठ नवी माणसं घेऊन त्यांच्याकडून १४ तास हाच सराव करून घेतला. चार ते आठ तासांतच ती संगीतकारांच्या बरोबरीला आली!

अर्थात आठ तासांत कुणी गवई होत नाही. त्यांनी मिळवलं ते फक्त दोन सुट्या स्वरांतला फरक ओळखणं. राग ओळखणं, तोच स्वर गळ्यातून काढणं, या वेगळ्या गोष्टी. पण ‘कान नाही’ म्हणून ज्याला मागं बसवलं, त्याची अडचण नेमकी या पहिल्या पायरीवर असू शकते.

सरावानं बदलतो तो मुख्यतः मेंदू. १९९३ मध्ये ग्रेग रेकनझोन, मायकेल मर्झेनिक आणि सहकाऱ्यांनी माकडांना ठरावीक कंपनसंख्येभोवतीचे बारीक फरक ओळखायला शिकवलं. त्यांच्या मेंदूत त्या स्वराला प्रतिसाद देणारा भाग मोठा झालेला आढळला. दुसऱ्या काही माकडांच्या कानावर तेच स्वर पडत होते, पण त्यांचं लक्ष स्पर्शाच्या कामात गुंतवलेलं होतं. त्यांच्यात तो बदल झाला नाही. दिवसभर मोबाइलवर गाणी लावून ठेवल्यानं कान तयार का होत नाही, याचं उत्तर बहुधा इथंच आहे.

घरच्या घरी सुरुवात पेटीवर करता येते. एकानं पाठ फिरवून बसायचं, दुसऱ्यानं दोन पट्ट्या वाजवायच्या, आणि वरची कुठली ते लगेच सांगायचं. चूक की बरोबर हे त्याच क्षणी कळावं. आधी लांबच्या पट्ट्या, मग लगतच्या. त्याहून बारीक फरकाला मात्र पेटी उपयोगाची नाही, कारण तिचे स्वर बांधलेले. तिथं तंबोरा हवा. त्याच्या जोडीच्या दोन तारा जवळजवळ जुळल्या, पण पुरत्या नाहीत, की आवाजात लाट ऐकू येते. एक तार २२० कंपनांची आणि दुसरी २२२ ची असेल, तर सेकंदाला दोन लाटा. खुंटी हलकेच फिरवत गेलं की लाट संथ होते आणि तारा जुळल्या की थांबते. फरक थेट कळत नसेल, त्यालाही ही लाट मोजता येते.

मोजक्या माणसांत स्वराची उंची ओळखण्यात जन्मजात अडचण असते. त्यांना सरावाचा फायदा फार होत नाही. आणि झिजलेला कान सरावानं भरून येत नाही, ही गोष्ट वेगळी सांगायला हवी. आतल्या कानात ध्वनी टिपणाऱ्या केसपेशी एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. मिरवणुकीत डीजेच्या भिंतीपुढं नाचून आल्यावर कानात शिट्टी वाजत राहते, ती याच पेशींना ताण पडल्याची खूण. ती दुसऱ्या दिवशीही थांबली नाही, किंवा टीव्हीचा आवाज घरातल्या इतरांना असह्य होईल इतका वाढवावा लागत असेल, तर पेटी बाजूला ठेवून आधी श्रवणतज्ज्ञाकडून तपासणी करून घ्यावी.