परमुलखातला सिनेमा

पेणचे ते पेणकर आणि रोह्याचे ते रोहेकर, हे सांगायला नको. पण या आडनावांची माणसे इस्रायल देशातही आहेत, हे पुष्कळांना ठाऊक नसेल. ती बेने इस्रायल मंडळी. धर्म यहुदी, बोली मराठी. ती तेलाचा घाणा चालवीत आणि शनिवारी बंद ठेवीत, म्हणून आपल्याकडे त्यांना शनिवार तेली म्हणत. १९४८ साली इस्रायल देश झाला. त्यानंतर तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातली आणि मुंबईतली हजारो माणसे तिकडे गेली. लोद, रामला, अश्दोद, दिमोना अशा गावी राहिली.

तिथली भाषा हिब्रू. तिची लिपी उजवीकडून डावीकडे जाते. आपली ओळ जिथे संपते तिथून त्यांची सुरू होते! काहींना प्रार्थनेपुरती अक्षरे येत. पण प्रार्थना वाचणे निराळे आणि बसवरची पाटी वाचणे निराळे. मग चाळिशीचा बाप्या असो की नातवंडांची आजी, शिकायला बसावेच लागे. प्रौढांच्या अशा वर्गाला तिकडे उल्पान म्हणतात. पहिला उल्पान १९४९ साली जेरुसलेम शहरात निघाला.

आता सिनेमाचे पाहा. परक्या भाषेतला चित्रपट कळावा म्हणून पडद्याच्या तळाशी भाषांतर छापतात. नट बोलला की खाली ओळ येते. दोन-चार सेकंद टिकते आणि जाते. तेवढ्यात ती वाचून झाली पाहिजे. म्हणून ओळी आखूड असतात, एका वेळी फार तर दोन. बोललेले सगळे त्यात येत नाही, मतलब तेवढा येतो. चित्रपट इंग्रजी आणि खालची अक्षरे हिब्रू. दोन्ही न येणाऱ्या आपल्याकडच्या बाईने करावे काय? शेजारणीला विचारावे, तर मागचा माणूस शुक् शुक् करतो.

पुढे तिकडे हिंदी चित्रपट जाऊ लागले. राज कपूर यांचा १९६४ सालचा 'संगम' तिथे फार चालला. इराक, मोरोक्को, रुमानिया अशा देशांतून येऊन वसलेल्या माणसांना हिंदी कुठून येणार? त्यांना खालची अक्षरे वाचावी लागत. इथे आपल्या मंडळींचे पारडे जड झाले! अक्षरांकडे न बघता ती नटाच्या तोंडाकडे बघत. अशा खेळात एक गंमत असते. वाचणारा कधी कधी नटाचे वाक्य पुरे होण्याआधीच हसतो, आणि ऐकणारा मागाहून.

तसा सिनेमा या लोकांच्या घरचाच म्हणा ना. आपल्या देशाचा पहिला बोलपट 'आलम आरा'. तो १४ मार्च १९३१ रोजी मुंबईत मॅजेस्टिक थिएटरात लागला. ज्या नाटकावरून तो घेतला, ते लिहिणारे जोसेफ डेव्हिड पेणकर. 'बूट पॉलिश'मधला प्रेमळ जॉन चाचा पुष्कळांना आठवत असेल. ते डेव्हिड, आडनाव चेऊलकर, म्हणजे आपल्या चौलचे.

आता आपल्या भागातली मुले दुबईला, कुवेतला कामाला जातात. दुबईत हिंदी चित्रपट लागतो, खाली अरबी अक्षरे असतात. सौदी अरबस्तानात मात्र कित्येक वर्षे थिएटरच नव्हते. तिथले पहिले नवे थिएटर एप्रिल २०१८ मध्ये रियाध शहरात उघडले. थिएटरात मोबाइलवर चित्रपट टिपू नये. तो गुन्हा आहे. परमुलखात अशा गोष्टीपायी नोकरीवर गदा यायची.

तिकिटावर वेळ आणि खुर्चीचा नंबर असतो. अरबी काय, हिब्रू काय, अक्षरे उजवीकडून वाचतात, पण आकडे आपल्यासारखेच डावीकडून. तेव्हा तिकीट २१ चे असले, तर १२ वर जाऊन बसू नका.