मामा-मामींचं बिऱ्हाड हलवताना

“बिऱ्हाड हलवायचं म्हणजे काय मोठंसं? टेंपो सांगायचा, सामान चढवायचं, उतरवायचं. एका दिवसाचं तर काम!” गेल्या मार्गशीर्षात माझ्या मामा-मामींनी नारायण पेठेतला वाडा सोडला, तेव्हा आम्ही सगळे असंच म्हणत होतो. आम्ही म्हणजे बंगळूरहून चार दिवसांची रजा काढून आलेला मामेभाऊ, त्याची बायको, मी, माझे यजमान, वाड्यातले शेजारी आणि मामांचे पोस्टातले दोन जुने मित्र. मामांनी ८० पार केलेली, मामी ७६ वर्षांची. नवं घर काही परमुलखात नव्हतं. नदी ओलांडली की कर्वेनगर!

सामान खरोखरच एका दिवसात हललं. माणसं हलायला मात्र दोन महिने लागले. आणि त्यातला एक महिना तरी आमच्या, खरं सांगायचं तर माझ्या, घाईमुळे वाढला. मैत्रिणींनो, आपल्यापैकी बहुतेकींवर सासरच्या नाहीतर माहेरच्या वडीलधाऱ्यांचं घर हलवण्याची पाळी कधी ना कधी येतेच. म्हणून आमचं काय चुकलं आणि काय साधलं, दोन्ही सांगते.

तो वाडा म्हणजे माझं आजोळ. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचंही गेलं आणि मुठेचं पाणी नदीकाठच्या पेठांत शिरलं. मामा तेव्हा १७ वर्षांचे. तळमजल्यावरच्या आमच्या आजीच्या घरातलं सगळं गेलं. पाणी ओसरल्यावर चिखलात सापडला तो जड पाटा-वरवंटा. आजीनं तो धुऊन पुन्हा मांडला आणि १९६८ साली मामी सून म्हणून आली, तेव्हा तिच्या हवाली केला. ही हकिकत आम्ही लहानपणापासून ऐकलेली. पण ऐकलेली गोष्ट ऐन वेळी आठवेलच असं नाही.

आता वाडा मोडकळीला आला होता. पावसाळ्याआधी धोक्याची नोटीस आली, जिना डुगडुगू लागला, संडास चौकापलीकडे. मुलानं फ्लॅट घेऊन ठेवलाच होता. जायचं ठरलं, तेही मामा-मामींच्या संमतीनं. तिथवर सगळं बरोबर होतं.

बांधाबांधीच्या दिवशी स्वयंपाकघर मी घेतलं. मामीला म्हटलं, “तू नुसती खुर्चीवर बस. आम्ही करतो सगळं.” प्रेमानंच म्हटलं हो! ती बसली. मी एकेक वस्तू उचलून ‘हे न्यायचं, हे टाकायचं’ असा सपाटा लावला. पाटा-वरवंट्यापाशी आले आणि मनात म्हटलं, घरात मिक्सर आहे, सहाव्या मजल्यावर हे धोंडे कशाला? कुणाला न विचारता दोन्ही मागच्या मोरीपाशी सरकवून दिले.

नव्या घरात आधी देव नेले, दूध ऊतू घातलं, शेजारणीनं खिचडी-कढी पाठवली. सगळं यथासांग झालं. पण मामी गप्प. चौथ्या दिवशी मी गेले, तेव्हा ओट्यापाशी नुसतीच उभी होती. खोदून खोदून विचारलं, तेव्हा म्हणाली, “काही नाही गं. चटणी वाटायला म्हणून उठले.” मग थोड्या वेळानं, “तुझ्या बारशाला तोच वरवंटा होता.”

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून माझं बारसं त्याच वाड्यात झालं. वरवंट्याला टोपडं घालून, त्याचा गोप्या करून, बाळाबरोबर पाळण्याखालून-वरून देतात ना, तो हाच. माझा, मामेभावाचा, त्याच्या मुलीचा, सगळ्यांचा गोप्या एकच. आणि मी तो मोरीत टाकून आले होते!

दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही दोघं वाड्यात गेलो. वरवंटा मोरीच्या कोपऱ्यात होता, पाटा मात्र कुणीतरी उचलून नेला होता. पुष्कळ चौकशी केली, पण पत्ता लागला नाही. वरवंटा मांडीवर घेऊन रिक्षानं परत आले. मामीनं तो धुतला, पुसला, ओट्याच्या कोपऱ्यात ठेवला. पाट्याबद्दल ती एक शब्दही बोलली नाही. बोलली असती तर मला बरं वाटलं असतं.

त्यावरून मी एक नियम केला आहे. मदतीला आलेल्या माणसानं उचलावं, बांधावं, वाहावं. पण काय न्यायचं आणि काय टाकायचं, हे ज्यांचं घर त्यांनीच ठरवावं. वस्तूंचे दोन नाही, तीन ढीग करावेत. ‘न्यायचं’, ‘द्यायचं’ आणि ‘अजून ठरत नाही’. तिसरा ढीग बिनबोभाट नव्या घरी न्यावा. दोन महिन्यांनी त्यातलं निम्मं ती माणसं आपणहून काढतात. मामीनं तसंच केलं. पितळी घागरी नातीला, जास्तीची पातेली कामवाल्या बाईला, आणि मामांनी जुने दिवाळी अंक वाचनालयाला दिले. देताना कुणाच्या हाती जातंय हे कळलं, की वस्तू सोडवते.

आणि हे काम एका दिवसात उरकू नये. महिनाभर आधी सुरुवात करून रोज एकच कपाट किंवा एकच फडताळ काढावं. म्हाताऱ्या माणसांना प्रत्येक वस्तूबरोबर एक आठवण सांगायची असते. ती ऐकायला वेळ ठेवावा, तीही मदतच.

आता बांधाबांधीतल्या काही उपयोगी गोष्टी.

पुस्तकं आणि भांडी यांना लहान खोकी घ्यावीत, मोठ्या खोक्यांत उशा-पांघरुणं. काचेच्या बशा आडव्या न रचता उभ्या ठेवाव्यात, मधे जुन्या लुगड्यांचे तुकडे घालावेत. लोणच्याच्या बरणीच्या तोंडावर दादरा घट्ट बांधून ती टेंपोत न टाकता कुणीतरी हातात न्यावी. जायच्या आधी दोन महिने धान्य, पापड, मसाले यांचा साठा करू नये. आहे तो संपवत आणावा. फ्रिज उभाच न्यावा आणि नेल्यावर काही तास तरी लावू नये. प्रत्येक खोक्यावर नंबर घालून वहीत त्यातलं सामान लिहावं. ती वही एकाच माणसाकडे असावी. आमच्याकडे ती मामांच्या मित्रांनी सांभाळली. जन्मभर टपाल लावलेला माणूस. एक खोकं इकडचं तिकडे झालं नाही!

लाकडी कपाट लिफ्टमध्ये मावतं का, दारातून जातं का, हे आधी टेप लावून पाहावं. आमचं सागवानी कपाट दोन तास खालीच उभं होतं.

औषधं, चष्मे, डॉक्टरांचे कागद, बँकेची पुस्तकं, दागिने, किल्ल्या आणि दोन दिवसांचे कपडे यांची पिशवी वेगळी करावी आणि ती त्या दोघांच्याच हातात द्यावी. टेंपोत अजिबात नको.

पत्ता बदलण्याची कामं पोरांनी वाटून घ्यावीत. गॅसचं कनेक्शन, आधार कार्ड, बँक, रेशन कार्ड, मतदार यादी, विजेचं बिल. जुन्या पोस्टात नवा पत्ता लेखी द्यावा. मामांना केंद्र सरकारचं पेन्शन. त्यांच्यासारख्यांना हयातीचा दाखला नोव्हेंबरात, आणि ८० वर्षांवरील मंडळींना ऑक्टोबरपासून देता येतो. म्हणून घर त्याच सुमारास बदलणार असाल, तर आधी ते काम उरकून घ्यावं.

आमची दुसरी चूक झोपण्याच्या खोलीत झाली. वाड्यात मामा साठ वर्षं पलंगाच्या डाव्या अंगानं उठत. नव्या घरात आम्ही पलंग शोभेल तसा भिंतीला लावला, तो नेमका डाव्या बाजूनं. दुसऱ्याच रात्री लघवीला उठले ते अंधारात भिंतीवर आपटले. कपाळाला टेंगूळ आलं, थोडक्यात निभावलं. या वयात पडणं म्हणजे खुब्याचं हाड मोडण्याची भीती. झोपेत माणूस डोळ्यांनी चालत नाही, सवयीनं चालतो. तेव्हा पलंग जुन्या घरात असेल त्याच बाजूनं उतरता येईल असा लावावा. बाथरूमपर्यंत रात्रभर बारीक दिवा ठेवावा, वाटेत सतरंजी-पायपुसणं सरकणारं नसावं आणि कमोडशेजारी, नळाशेजारी धरायला दांडी बसवून घ्यावी. दांडी भिंतीत पक्की हवी. टॉवेल वाळत घालायची नव्हे.

आणि पहिल्या दिवशी सगळं घर लावायच्या मागे लागू नये. देवघर, पलंग, चहाचं सामान आणि बाथरूम एवढं लागलं, की रात्र निभते. बाकीचं मामींच्या हातानं, मामींच्या मनाप्रमाणं. डबे मी लावले होते ते तिनं सगळे खाली काढून पुन्हा लावले. आधी मला राग आला. मग लक्षात आलं, ती घर आपलं करून घेते आहे.

शेवटची गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. मदतीची गर्दी हलवण्याच्या दिवशी असते आणि तिसऱ्या दिवशी घर ओस पडतं. खरी गरज तेव्हाच. वाड्यात दार उघडलं की माणूस दिसे. इथे सहाव्या मजल्यावर दार लावलं की लावलं. आम्ही मग पाळ्या लावल्या. मामेभाऊ रोज रात्री फोन करतो. मी बुधवारी जाते. मामांचे मित्र शनिवारी त्यांना बसनं पेठेत नेतात, जुन्या कट्ट्यावर तासभर बसून परत आणतात. मी मामीला बरोबर घेऊन भाजीवाली, औषधांचं दुकान, डॉक्टर आणि रामाचं देऊळ पायी दाखवून आणलं. देवळात भजनाच्या बायका भेटल्या. त्यांनी विचारलं, “नवीन आलात का?” मामी म्हणाली, “हो, पेठेतल्या आम्ही.”

माघात गेले, तेव्हा तिनं सांगितलं, “आता इथलेच म्हणते गं. दर वेळी पेठ कुठे सांगत बसू?” ओट्यावर ओल्या मिरचीचा ठेचा होता, खलबत्त्यात वरवंट्यानं ठेचलेला. “बत्त्यापेक्षा हाच बरा पडतो हाताला,” म्हणाली. पाटा नव्हता, त्यावर तिनं तेवढी युक्ती काढली होती.