ब्रॉकेनची हिवाळी गाडी

जर्मनीच्या हार्झ डोंगररांगेतली ही मीटरगेज गाडी वेर्निगेरोडेहून निघून ब्रॉकेन शिखराजवळच्या, १,१२५ मीटर उंचीवरच्या स्टेशनात पोचते. चढ दमवणारा, तरी दातेरी रूळ नाहीत. दहा चालकचाकांचं कोळशाचं इंजिन स्वतःच्या वजनावर रूळ धरतं, घसरायला लागलं की चाकांपुढे वाळू सोडतात. बहुतेक इंजिनं १९५०च्या दशकातली. थंडीत वाफ बाहेर पडताच तिचे जाड पांढरे लोट होतात, म्हणून हौशी फोटोवाले जानेवारीच गाठतात. वर मात्र बहुधा धुकंच. देखाव्याच्या आशेने जाणाऱ्यांनी पैसे वाचवावेत! शिखर तेव्हाच्या पूर्व-पश्चिम जर्मनीच्या सीमेलगतचं, त्यामुळे १९६१पासून पूर्व जर्मनीने तिथे प्रवाशांना मज्जाव केला होता. गाडी पुन्हा वर गेली ती १९९१मध्ये. वादळ-बर्फ फारच झालं, तर आजही ती वाटेतल्या शीर्के स्टेशनावरूनच परतते.