आखूड नळी आणि सप्रेसर : रायफलमधील काही इंचांचा हिशेब

नवी दिल्ली : रायफलच्या तोंडावर सप्रेसर बसवला की शस्त्राची लांबी साधारण पाच ते आठ इंचांनी वाढते. चिलखती वाहनातून उतरणाऱ्या किंवा घराच्या अरुंद दारातून आत शिरणाऱ्या सैनिकाला ही वाढ जाचक ठरते. मग मूळ नळीच तेवढी आखूड घ्यावी, हा विचार सरळ वाटतो. प्रत्यक्षात मात्र त्याची किंमत गोळीचा वेग, सप्रेसरचे आयुष्य आणि खुद्द नेमबाजाचा श्वास, अशा तीन ठिकाणी मोजावी लागते.

अमेरिकी लष्कराने एप्रिल २०२२ मध्ये निवडलेली सिग सॉअर कंपनीची रायफल, म्हणजे आजची एम-७, हे या पेचाचे सर्वांत ठळक उदाहरण आहे. ही रायफल सप्रेसरसह वापरण्यासाठीच देण्यात येते. तिची नळी १३ इंचांची असून सप्रेसर लावल्यावर एकूण लांबी सुमारे ३६ इंच भरते. व्हिएतनाम युद्धापासून ओळखीची झालेली २० इंच नळीची एम-१६ सप्रेसरविनाही यापेक्षा लांब आहे.

नळीची लांबी महत्त्वाची का, याचे उत्तर काडतुसातील दारूत आहे. चाप ओढल्यावर दारूचे वायूत रूपांतर होते आणि गोळी नळीत असेपर्यंतच हा वायू तिला ढकलू शकतो. ५.५६ मिलिमीटरची नाटो गोळी २० इंच नळीतून सेकंदाला सुमारे ९४५ मीटर वेगाने बाहेर पडते. एम-४ कार्बाइनच्या साडेचौदा इंच नळीतून हा वेग ९०० मीटरच्या आसपास राहतो, तर विशेष दलांच्या १०.३ इंच नळीतून तो सुमारे ८०० मीटरपर्यंत उतरतो. पहिले साडेपाच इंच कापल्याने झालेली घट तुलनेने किरकोळ आहे. त्यानंतरचे चार इंच त्याहून कितीतरी महाग पडतात. हे काडतूस मुळात लांब नळीसाठी घडवलेले असल्याचा हा परिणाम.

गमावलेला वेग म्हणजे वाया गेलेली ऊर्जा, आणि ती नाहीशी होत नाही. आखूड नळीच्या तोंडाशी वायूचा दाब अधिक असतो, दारूचे काही कण जळायचे बाकी असतात. हा सारा भार सप्रेसरवर येतो. सप्रेसर म्हणजे आत आडव्या चकत्या बसवलेले नळकांडे. वायूला त्यात वळणे घेत पसरायला व थंड व्हायला अवसर मिळतो. दाब जितका जास्त, तितकी पहिली चकती लवकर झिजते, नळकांडे लवकर तापते आणि आवाजही कमी दबतो. म्हणूनच अनेक उत्पादक प्रत्येक सप्रेसरसाठी नळीची किमान लांबी ठरवून देतात. हा आकडा न पाहता केलेली निवड महागात पडते.

आवाजाबद्दलचा चित्रपटी गैरसमज येथेच दूर करायला हवा. ५.५६ मिलिमीटर रायफलचा धमाका १६० डेसिबलहून अधिक असतो. चांगला सप्रेसर त्यातून २५ ते ३० डेसिबल वजा करतो. क्षणिक आवाजासाठी १४० डेसिबल ही धोक्याची रेषा मानली जाते. तिच्याखाली येणे एवढेच येथील यश. शिवाय ध्वनीपेक्षा वेगवान गोळीचा हवेतील कडकडाट सप्रेसर थांबवू शकत नाही. तरीही हे यश लहान नव्हे. अमेरिकी माजी सैनिकांच्या अपंगत्व भरपाईच्या दाव्यांत कर्णनाद हा विकार वर्षानुवर्षे अग्रस्थानी आहे. त्या देशाच्या मरीन कोअरने २०२० मध्ये लढाऊ तुकड्यांना सरसकट सप्रेसर देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा गोंगाटात आदेश ऐकू येणे हाही युक्तिवाद होता.

तिसरी अडचण नवख्याच्या लक्षात सहसा येत नाही. स्वयंचलित भरणीची रायफल नळीतीलच थोडा वायू वळवून पुढचे काडतूस चढवते. सप्रेसर वायूला अडवतो, त्यामुळे अधिक वायू मागे येतो. बोल्ट गरजेपेक्षा वेगाने मागे आदळतो, सुटे भाग झिजतात आणि विषारी धूर थेट नेमबाजाच्या तोंडावर येतो. आखूड नळीत वायू घेण्याचे छिद्र दाबाच्या उगमाजवळ असल्याने हा दोष बळावतो. सप्रेसरविना सुरळीत चालणारी आखूड रायफल सप्रेसर लावताच अडखळू लागते, ती यामुळे. वायूचे प्रमाण कमी-जास्त करणारी कळ हा त्यावरचा प्रचलित उपाय. एम-७ च्या सप्रेसरची अंतर्गत रचनाही धूर मागे न येता पुढे निघून जावा, अशी केलेली आहे.

यातून मार्ग दोन दिशांनी काढला गेला आणि दोन्हींचा आरंभ नळीपासून नव्हे, काडतुसापासून झाला. पहिला मार्ग .३०० ब्लॅकआउटचा. २०११ मध्ये अमेरिकी उद्योगमान्यता मिळालेल्या या काडतुसातील दारू लवकर जळते, त्यामुळे नऊ इंचांची नळीही पुरेशी होते. त्याची सुमारे १४ ग्रॅमची जड गोळी ध्वनीपेक्षा कमी वेगाने जाते आणि कडकडाट होत नाही. मात्र ती लवकर खाली झुकते, पल्ला तोकडा राहतो. दुसरा मार्ग एम-७ चा. तिच्या ६.८ मिलिमीटर काडतुसाचा दाब चौरस इंचाला ८० हजार पौंड एवढा चढवून आखूड नळीतूनही वेग मिळवण्यात आला. सप्रेसरसह जवळपास साडेचार किलोचे वजन आणि मॅगझिनमध्ये ३० ऐवजी २० गोळ्या, ही त्याची परतफेड. हा सौदा पायदळाला कितपत परवडेल, यावर अमेरिकेतच वाद सुरू आहे आणि तो अनाठायी म्हणता येणार नाही.

भारताला हा विषय अगदी नवा नाही. कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीने बनवलेल्या स्टर्लिंग कार्बाइनची २ए१ ही आवृत्ती मुळातच सप्रेसरयुक्त. तिच्या नळीला पाडलेल्या बारीक छिद्रांतून वायू निसटतो आणि नेहमीचीच ९ मिलिमीटर गोळी ध्वनीच्या वेगाखाली येते. याच स्टर्लिंगच्या जागी आता ५.५६ मिलिमीटरच्या ४ लाख २५ हजारांहून अधिक कार्बाइन येत असून डिसेंबर २०२५ मध्ये त्यांचे करार झाले. मोठा वाटा पुण्याच्या भारत फोर्जकडे आहे. तिच्या कार्बाइनचा आराखडाही पुण्यातील एआरडीई या डीआरडीओच्या प्रयोगशाळेचा. याउलट सीमेवरील तुकड्यांसाठी २०१९ मध्ये ७२ हजार ४०० सिग-७१६ रायफली घेताना सैन्याने १६ इंच नळी पसंत केली. तेथे प्रश्न खोलीतील वळणाचा नव्हता, दरीपलीकडील अंतराचा होता.

१६ इंचांच्या आकड्याला अमेरिकेत कायद्याचेही वलय आहे. त्याहून आखूड नळीची रायफल आणि सप्रेसर यांची नोंदणी १९३४ च्या कायद्याने आवश्यक केली. दोन्हींवरील २०० डॉलरचा कर १ जानेवारी २०२६ पासून शून्यावर आला. नोंदणी कायम आहे. तेथील नागरी बाजारात आखूड नळीची चर्चा एकाएकी वाढली, ती यामुळे.

भारतात नागरिकासमोर हा पर्यायच नाही. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या व्याख्येत आवाज वा ज्वाला कमी करणारे उपकरण हेच ‘अग्निशस्त्र’ ठरते. कलम ६ नुसार परवान्याविना नळी आखूड करण्यास मनाई असून २०१९ च्या दुरुस्तीनंतर या गुन्ह्यास किमान सात वर्षांच्या कारावासापासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकते.