प्रोस्टेटची शस्त्रक्रिया आणि त्यानंतरची मूत्रगळती

सेवानिवृत्तीचे वय आणि प्रोस्टेट ग्रंथीच्या तक्रारी बहुधा बरोबरच येतात. रात्री तीन-चार वेळा उठावे लागणे, लघवीची धार बारीक होणे, कुंथूनही मूत्राशय पुरता रिकामा न होणे, या गोष्टी पुष्कळ पुरुष वर्षानुवर्षे अंगावर काढतात. अखेरीस शस्त्रक्रियेचा सल्ला मिळतो, तेव्हा घरात दोनच प्रश्नांची चर्चा होते : जिवाला धोका किती आणि खर्च किती. शस्त्रक्रियेनंतर लघवी ताब्यात राहील काय, हा तिसरा प्रश्न संकोचापोटी कोणी विचारीत नाही. मग नळी काढल्यावर कपडे ओले होऊ लागले म्हणजे शस्त्रक्रिया बिघडली अशी समजूत होते. वस्तुतः ही गळती बहुतेक रुग्णांच्या बाबतीत अपेक्षितच असते व हळूहळू कमी होते. तिला तोंड देण्याची तयारी मात्र शस्त्रक्रियेपूर्वी काही आठवडे सुरू करावी लागते.

प्रोस्टेट किंवा पुरःस्थ ग्रंथी ही केवळ पुरुषांना असते. तारुण्यात तिचा आकार साधारण अक्रोडाएवढा व वजन सुमारे २० ग्रॅम असते. मूत्राशयाच्या तोंडाशीच ती वसलेली असून मूत्रमार्ग तिच्या मधून जातो. साहजिकच ती वाढली की मार्ग आवळला जातो. ही वाढ बहुधा साधी असते, काहींच्या बाबतीत ती कर्करोगाची असते. या दोहोंच्या शस्त्रक्रिया अगदी निरनिराळ्या आहेत आणि त्यानंतरच्या गळतीचे स्वरूपही निराळे आहे. म्हणून आपली शस्त्रक्रिया यांपैकी कोणती, हे रुग्णाने प्रथम स्पष्टपणे विचारून घ्यावे. शेजाऱ्याला चार दिवसांत बरे वाटले, मला का नाही, या दुःखाचे मूळ पुष्कळदा या फरकातच असते.

साध्या वाढीसाठी मूत्रमार्गातून दुर्बीण घालून ग्रंथीचा आतला अडथळा करणारा भाग कोरून काढतात. बाहेरचे कवच तसेच राहते. यानंतर काही आठवडे लघवीची घाई होते व संडासापर्यंत पोचण्याआधी थोडी गळती होऊ शकते. कायमची गळती शंभरांत एखाद्यालाच राहते. दहाव्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमारास आतली खपली सुटून लघवी पुन्हा लालसर होते, तेव्हा घरचे लोक घाबरतात. भरपूर पाणी प्याल्यावर ती निवळत गेली तर चिंतेचे कारण नाही. गाठी पडू लागल्या किंवा लघवी अडली तर मात्र तत्काळ रुग्णालय गाठावे.

कर्करोगात संपूर्ण ग्रंथी काढून मूत्राशयाचे तोंड मूत्रमार्गाला शिवून जोडतात. अमेरिकेत बाल्टिमोर येथे ह्यू यंग यांनी १९०४ साली ही शस्त्रक्रिया केली. तेथीलच जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात पॅट्रिक वॉल्श यांनी १९८२ मध्ये ग्रंथीलगतच्या मज्जातंतू वाचविण्याची पद्धत रूढ केली. आता मोठ्या शहरांत ती यंत्रमानवाच्या साहाय्यानेही होते. पद्धत कोणतीही असो, एक गोष्ट टळत नाही. लघवी रोखून धरणाऱ्या दोन झडपांपैकी मूत्राशयाच्या तोंडाशी असलेली, आपोआप मिटणारी झडप ग्रंथीबरोबर बहुतांशी नाहीशी होते. मागे राहतो तो खालचा, कड्यासारखा स्नायू. जन्मभर दोघांनी वाटून घेतलेले काम त्या एकट्यावर पडते, आणि ते अंगवळणी पडेपर्यंत खोकताना, शिंकताना, खुर्चीतून उठताना लघवी सुटते.

शस्त्रक्रियेपूर्वी

हा स्नायू व ओटीपोटाच्या तळाशी असलेले त्याचे सोबती व्यायामाने बळकट करता येतात. अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञ आर्नोल्ड केगेल यांनी १९४८ मध्ये हा व्यायाम स्त्रियांसाठी मांडला. पुरुषांनाही तो तितकाच लागू आहे. हठयोगातील मूलबंधाशी ज्यांचा परिचय आहे त्यांना तो लवकर साधतो, कारण आकुंचन जवळपास त्याच ठिकाणचे आहे.

गुडघे दुमडून उताणे झोपावे. पोटातील वायू रोखून धरताना गुदद्वार आत ओढले जाते, तसे ते ओढावे आणि त्याच वेळी लघवीची धार थांबविल्यासारखे पुढचे स्नायू वर खेचावेत. पाच अंक मोजेपर्यंत धरून ठेवावे, तितकाच वेळ सैल सोडावे. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा करावे. सरावाने दहा अंकांपर्यंत पोचावे. श्वास कोंडणे, मांड्या आवळणे, पोट फुगवून खाली जोर देणे या चुका सर्रास होतात व त्यांनी उलट अपाय होतो. लघवी करताना धार मधेच थांबवून पाहणे हे योग्य स्नायू ओळखण्यापुरते एकदा करावे. त्याचा रोजचा व्यायाम करू नये. पुढे हाच व्यायाम बसून व उभ्याने करावयाचा असतो, कारण गळती उभे असतानाच अधिक होते.

खोकला व मलावरोध हे गळतीचे दोन मोठे साथीदार होत. म्हणून विडी, सिगारेट व तंबाखू शस्त्रक्रियेपूर्वी निदान चार आठवडे बंद असावी. भाज्या, फळे, पुरेसे पाणी व रोजचे चालणे यांनी पोट साफ राहील असे पाहावे. मधुमेह आणि रक्तदाब आटोक्यात असावेत. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना अवश्य सांगावे, पण त्या आपल्या मनाने बंद करू नयेत. हृदयात स्टेंट बसविलेल्या रुग्णाने तसे करणे विशेष धोक्याचे आहे. वैद्याकडील चूर्णे व काढेही सांगण्यातून वगळू नयेत.

घरची तयारी साधी आहे. गादीवर रबरी किंवा रेक्झिनचे कापड, शक्य तर बसावयाचे कमोड, सैल लुंगी किंवा पायजमा, आणि नळी काढण्याच्या दिवशी बरोबर नेण्यासाठी शोषक पॅड व घट्ट आतले कपडे. हे शेवटचे पुष्कळ जण विसरतात आणि घरी परतताना एस.टी.च्या प्रवासात फार अवघडल्यासारखे होते.

महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजना व आयुष्मान भारत योजना यांत मूत्ररोग व कर्करोगाच्या अनेक शस्त्रक्रियांचा समावेश आहे. उपचारांची व रुग्णालयांची यादी वेळोवेळी बदलत असल्याने, तारीख ठरविण्यापूर्वी अंगीकृत रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे चौकशी करावी.

नळी असताना

कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर सुमारे एक ते दोन आठवडे मूत्रमार्गात कॅथेटर ठेवतात. पिशवी नेहमी मूत्राशयाच्या खालच्या पातळीवर, परंतु जमिनीला न टेकलेली असावी. अर्ध्याहून थोडी अधिक भरताच ती साबणाने हात धुऊन रिकामी करावी. नळी मांडीला चिकटपट्टीने बांधून ठेवावी, म्हणजे ओढ बसत नाही. या काळात वरील व्यायाम करू नये.

खेड्यातील रुग्णांच्या दृष्टीने एक सूचना फार महत्त्वाची आहे. ही नळी एखादे वेळी निसटली किंवा तुंबली, तर गावातील डॉक्टर अथवा परिचारिका सद्‌हेतूनेच नवी नळी घालू पाहतात. आतला सांधा कच्चा असताना ती चुकीच्या वाटेने गेल्यास शिवण उसवू शकते. म्हणून शस्त्रक्रिया करणाऱ्या तज्ज्ञाशी बोलल्याखेरीज नळीला कोणीही हात लावू नये. रुग्णालयातून निघताना शस्त्रक्रियेचे नाव, तारीख व दूरध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी मागून घ्यावी आणि ती रुग्णाच्या खिशात असावी. १००.४ अंश फॅरनहाइटहून अधिक ताप, पिशवीत लघवी न येणे, पोटरी सुजून दुखणे किंवा धाप लागणे यांपैकी काहीही झाल्यास सकाळची वाट पाहू नये.

नळी निघाल्यावर

पहिले काही दिवस मन खचविणारे असतात. काहींना दिवसाला पाच-सहा पॅड लागतात. सुधारणा ठरावीक क्रमाने होताना दिसते : आधी रात्री अंथरूण कोरडे राहू लागते, मग सकाळचा वेळ. दिवसभराच्या श्रमाने स्नायू थकत असल्याने संध्याकाळ सर्वांत शेवटी सुधारते. बहुसंख्य रुग्णांना तीन ते सहा महिन्यांत पुष्कळ ताबा येतो व सुधारणा वर्षभर चालू राहते. रोज किती पॅड लागले याची टाचणवही ठेवावी. दिवसागणिक फरक जाणवत नाही, महिन्याच्या आकड्यात तो दिसतो.

व्यायाम पुन्हा सुरू करावा. उठण्याच्या, खोकण्याच्या किंवा बादली उचलण्याच्या क्षणाआधी स्नायू आवळून घेण्याची सवय लावून घ्यावी. पहिले सहा आठवडे चार-पाच किलोहून जड वस्तू उचलू नये, सायकल व मोटारसायकल टाळावी. कपालभातीसारख्या पोटाला हिसका देणाऱ्या क्रियाही डॉक्टरांच्या अनुमतीनेच सुरू कराव्यात.

गळतीच्या भीतीने पाणी तोडणे ही सर्वांत सार्वत्रिक व सर्वांत घातक चूक होय. लघवी गडद झाली की मूत्राशयाचा दाह होतो, घाई वाढते, जंतुसंसर्ग होतो. अन्य कारणाने मनाई नसल्यास दीड ते दोन लिटर पाणी दिवसभरात विभागून प्यावे. निजण्यापूर्वी दोन तास कमी करावे. चहा-कॉफी मर्यादित असावी. ‘असू द्या’ म्हणून अर्ध्या अर्ध्या तासाला लघवीस जाणेही बरे नव्हे, त्याने मूत्राशयाची साठविण्याची सवय मोडते.

बाजारातील पॅड परवडत नसल्यास जुन्या सुती धोतराच्या घड्या उत्तम चालतात. त्या साबणाने धुऊन कडक उन्हात वाळवाव्यात. ओली घडी अंगाला तशीच राहू देऊ नये. त्वचा धुऊन, टिपून, कोरडी झाल्यावर पेट्रोलियम जेलीचा पातळ थर लावावा. घड्या धुण्याचे काम मुकाट्याने पत्नीवर टाकण्याचा आपल्याकडील परिपाठ न्याय्य नाही. धडधाकट हाताचा रुग्ण ते स्वतः करू शकतो. लैंगिक शक्तीवर होणारा परिणाम हाही पतिपत्नीने एकत्र बसून डॉक्टरांना विचारावयाचा विषय आहे.

सहा महिने-वर्ष उलटूनही गळती त्रासदायक असेल तर ते नशीब म्हणून स्वीकारण्याचे कारण नाही. मूत्रमार्गाला खालून आधार देणारी पट्टी बसविता येते. गळती फार असल्यास कृत्रिम झडप बसवितात, जिचा उपयोग १९७० च्या दशकापासून होत आला आहे. ती महाग असून तिच्यासाठी मोठ्या रुग्णालयातच जावे लागते.

कामावर परतलेल्या शिक्षकाला किंवा कर्मचाऱ्याला संडासाजवळची जागा आणि लांबलेल्या बैठकीत मधली सुट्टी एवढे मिळाले तरी तो निर्धास्तपणे काम करू शकतो. कार्यालयप्रमुखांनी त्यासाठी कारण विचारीत बसू नये. दुसरी अडचण वापरलेल्या पॅडची. पुरुषांच्या स्वच्छतागृहात ते टाकण्यास झाकणाची बादली जवळजवळ कोठेच नसते. मग ते शौचकूपात जातात व टाकी तुंबते, किंवा रुग्ण दिवसभर एकच पॅड वापरतो. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी स्वच्छताविषयक कचऱ्यात डायपरबरोबर अशा रुग्णांच्या शोषक चादरींचाही अंतर्भाव केला होता व तो गुंडाळून देण्याची पद्धत घालून दिली होती. ग्रामपंचायत कार्यालय, शाळा, बसस्थानक येथील पुरुषांच्या बाजूलाही एक झाकणाची बादली व जुन्या वर्तमानपत्राचा गठ्ठा ठेवण्यास वेगळ्या तरतुदीची आवश्यकता भासू नये.